खानगी हवाबाजाचे पुराण

श्राद्धाच्या दिवशी आमच्याकडे तीन पिढ्यांची नावे घेतात. ती मी येथेही घेते, फक्त उलट क्रमाने: माझ्या मुलाचे, भुजंगाचे पणजोबा बन्सीधरपंत, आजोबा किशनराव आणि वडील, म्हणजे आमचे यजमान, व्यंकटराव वकील. बन्सीधरपंत पोखर्णीहून घोड्यावर बसून निघाले आणि परभणीस पायी पोहोचले. मधल्या प्रवासाविषयी त्यांनी मरेपर्यंत वाच्यता केली नाही. किशनरावांनी छकडा बाळगला, पण बैलांनी जरा चाल धरली की ते गाडीवानाच्या पाठीत काठी टोचून त्याला सावकाशीची आठवण देत. यजमान कामानिमित्त आगगाडीने हैदराबादेस जात, तेही खिडकीकडे पाठ करून; झाडे पळताना पाहणे वकिलाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही, असे त्यांचे मत होते.

अशा या स्थिर घराण्यात भुजंग जन्मला आणि त्याने विमान चालविण्याचा परवाना काढला. ज्या प्राण्यास पाय नाहीत आणि पंखांचा तर प्रश्नच नाही, त्याचे नाव आम्ही मोठ्या विश्वासाने त्याला ठेवले होते. नावाचा माणसावर परिणाम होतो म्हणतात. आमच्या बाबतीत तो झाला नाही.

सन १३४८ फसलीतली, म्हणजे इंग्रजी १९३८-३९ सालची, ही हकीगत. यजमान जाऊन बराच काळ लोटला होता, भुजंग हैदराबादेस नोकरीला होता, आणि परभणीच्या घरी मी व स्वयंपाकाची छबूबाई अशा दोघी राहत होतो. भुजंगाची कार्डे येत. कार्डावर चार ओळी असत आणि उरलेली जागा कोरी. त्या कोऱ्या जागेत मी काय काय वाचीत असे, ते सांगण्याचे हे स्थळ नव्हे. तर अशाच एका कार्डावर त्याने लिहिले की प्रायव्हेट पायलटचे लायसेन्स मिळाले, काळजी नसावी.

शेजारी माणिकराव राहत. ते कोर्टातून निवृत्त झालेले पेशकार, म्हणजे तारखा देणारे कारकून. उर्दूत उतरल्यावाचून कोणतीही गोष्ट खरी होत नाही, अशी त्यांची नोकरीतली श्रद्धा निवृत्तीनंतरही टिकली होती. त्यांनी कार्ड वाचले, चष्मा पुसला आणि भर गल्लीत उभे राहून खणखणीत आवाजात तर्जुमा जाहीर केला: व्यंकटराव वकिलांचे चिरंजीव आता खानगी हवाबाज झाले.

शब्द उर्दूत निर्दोष होता. परंतु गल्ली मराठी होती. आमच्या भाषेत ज्या ज्या माणसाच्या मागे 'बाज' लागतो, त्याला कोणी जेवायला बोलावीत नाही. दगाबाज, चालबाज, नखरेबाज, अफूबाज, आणि आता हा हवाबाज. दुपारपर्यंत शेजारणी एकेक करून येऊ लागल्या. त्या माझ्याजवळ बसत, उसासा टाकत आणि पाणी पिऊन जात. यजमान गेले तेव्हाही इतक्या बायका आल्या नव्हत्या. शेवटी छबूबाईने परातीतले पीठ मळता मळता माझी समजूत घातली.

"बाईसाहेब, जिवाला लावून घेऊ नका. पोरं बिघडत असतेत. पण खानगीत करायलाय, चव्हाट्यावर तर न्हाई ना?"

मी तिला खुलासा केला. तो तिने विहिरीवर केला, आणि विहिरीवरून तो सबंध गावात गेला. येथवर मी मानभंग सोसला होता. आता खरा उपद्रव सुरू झाला. वकिलांचा मुलगा बिघडलेला नसून उडतो आहे, हे कळताच लोक कामे घेऊन आले. एका गृहस्थाची सून सोनपेठेस माहेरी जाऊन बसली होती, तिला उचलून आणावयाचे होते. पुराणिक वैजीनाथबुवांना पोखर्णीच्या नरसिंहाच्या शिखरावर वरून फुले टाकावयाची होती. चंद्रभान नावाचा शेतकरी, ज्याचे पडीक रान पोखर्णीच्या वाटेवर आहे, त्याला एकदाच वर जाऊन पाहावयाचे होते की भावकीने बांध नक्की कोठे सरकविला आहे. माणिकरावांनी भाड्याचा तक्ता आखण्याची तयारी दाखविली. त्यांच्या मते वकिलांसाठी दर वेगळा असावा.

मी भुजंगास लिहून विचारले की बाबा, तुला नक्की काय काय करण्याची मुभा आहे. उत्तरादाखल त्याचे आयुष्यातले सर्वांत मोठे पत्र आले. दोन्ही बाजू भरलेल्या. ते त्याने आईला लिहिले आहे की कचेरीला, हे ठरविणे कठीण होते, कारण त्यात सगळी कलमेच होती. पण अखेरीस लिहिले होते की मोकळे, सपाट रान मिळाल्यास तो अमुक इंग्रजी तारखेला परभणीस विमान उतरवील आणि मला एक फेरी मारवील.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मला उडण्याची हौस नव्हती. परंतु दोन वर्षांत मी मुलाला पाहिले नव्हते. त्याआधी तो येई तेव्हा बैठकीत माणिकराव बसत, ओसरीवर त्याचे शाळासोबती बसत, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून त्याचे अर्धे तोंड पाहत असे. या विमानात, त्याने लिहिले होते, दोनच माणसे बसतात: एक चालविणारा आणि एक बसणारा. म्हणजे त्या फेरीपुरता भुजंग आणि मी. हवेत माणिकराव येऊ शकत नाहीत. त्याच्या लग्नाचे काय, यजमानांच्या पुस्तकांचे काय, माझ्यामागे या घरात दिवा कोण लावणार, हे सगळे मी मनात क्रमवार लावून ठेवले. एका फेरीत किती बसेल याचा अंदाज नव्हता, म्हणून महत्त्वाचे आधी घेतले.

धोका एवढाच होता की कोणी तरी अज्ञानाने त्याच्या हातात काही ठेवील आणि परवाना जाईल. कारण कलमांतले मुख्य कलम हेच होते: खानगी हवाबाजाने माणूस न्यावा, पण त्याबद्दल भाडे अथवा मोबदला म्हणून काहीही घेऊ नये. तेव्हा लोकांना एकदा नीट समजावून सांगावे, असे मी ठरविले. भाषण कोण करणार, असा प्रश्न माणिकरावांनी विचारला. मी त्यांच्याकडे पाहिल्यावर तो त्यांनी मागे घेतला.

त्या काळी आमच्या मुलखात सभेला परवानगी लागे. माणिकरावांनी उत्तम कागदावर दरख्वास्त लिहिली. विषय: खानगी हवाबाजास कोणकोणत्या गोष्टींची इजाजत आहे. हाच विषय नडला. काय करू नये यावर कोणी बोलते तर ठाण्याची हरकत नव्हती. इजाजत कशाकशाची आहे, यावर लोकांना जमवून बोलणे म्हणजे भलतीच हवा सोडणे. ठाण्याच्या अमीनसाहेबांनी मोठ्या अदबीने कळविले की इजाजतीवर बोलण्यास इजाजत नाही. मात्र पुराणास, कीर्तनास आडकाठी नव्हती. मी वैजीनाथबुवांना बोलावले आणि भाषणाचे पुराण केले. बुवांनी दोन अटी घातल्या: आरंभ पोथीतल्या विमानांपासून व्हावा, आणि शिपाई दिसला की मी गप्प बसून हात जोडावेत व त्यांनी वाचावे.

आता दिवसाचा प्रश्न. भुजंगाची तारीख इंग्रजी होती. माणिकरावांनी तिचे फसलीत रूपांतर करून इस्फंदार महिन्यातला एक दिवस काढला, वैजीनाथबुवांनी पंचांगावरून तिथी काढली, आणि दोघांत एका दिवसाचे अंतर पडले. बुवांच्या हिशेबाने येत होती रथसप्तमी. मी क्षणाचाही विलंब न लावता रथसप्तमी मुक्रर केली, आणि त्यास सबळ कारण होते. भुजंगाने लिहिले होते की वरून दिसेल अशी एक मोठी पांढरी खूण जमिनीवर करावी, आणि वारा कळण्यासाठी थोडा धूर करावा. ज्या दिवशी अंगणात रथाची रांगोळी घालतात आणि गोवऱ्या पेटवून त्यावर दूध उतू घालवितात, तो दिवस सोडून कोणी शहाणा मुलगा आईकडे रांगोळी आणि धूर मागेल काय? माणिकराव शेवटपर्यंत म्हणत राहिले की बाई, दुसरा दिवस धरा. पण त्यांनी नोकरीभर दुसऱ्याच दिवसाच्या तारखा दिल्या होत्या, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही.

रथसप्तमीस चंद्रभानच्या रानात सगळा गाव लोटला. भुजंगाने आगाऊ रेल्वेने पाठविलेले पेट्रोलचे डबे चंद्रभानने गोठ्यात ठेवले होते, आणि त्यांच्यापायी आठ दिवस त्याने स्वतः बिडी ओढली नव्हती की दुसऱ्याला ओढू दिली नव्हती; त्यामुळे तो काहीसा चिडखोर झाला होता. बायकांनी रांगोळी घातली. सात घोडे काढले, सारथी काढला, सारथ्याच्या पागोट्याला तुरा काढला. जवळून पाहणाराचे भान हरपावे असे काम होते. आकाशातून ते दिसेल की नाही, हा विचार कोणाच्या मनात आला नाही. आमच्या घरचे मोठे जाजम अंथरले. बायका जाजमावर बसल्या. पुरुषांनी पुराणाला यावे, पण बाईच्या भाषणाला बसू नये, असा पेच होता. तो त्यांनी आमच्याकडे पाठ करून उभे राहून सोडविला. गोवऱ्या पेटल्या, बुवांनी मंगलाचरण म्हटले, आणि मी बोलू लागले.

मी सांगितले की परवाने दोन जातींचे असतात. एक धंद्याचा, एक खानगी. धंद्याचा परवाना म्हणजे खाणावळ: जो पैसे टाकील त्याला वाढावेच लागते. खानगी परवाना म्हणजे घरची पंगत. पाहुण्याला पोटभर वाढा, आग्रह करा, दहादा बोलवा. परंतु तो उठताना त्याच्यापुढे हात पसरलात की तुमची खाणावळ झाली. हे सर्वांना तत्काळ कळले. पाठमोऱ्या पुरुषांच्याही माना हललेल्या मी पाहिल्या. मग मी एकेक कलम घेतले. हवाबाजाला मुलुखभर वाटेल तिकडे जाता येते, पण वाटेल तेथे उतरता येत नाही. रानाच्या धन्याची संमती लागते. येथे चंद्रभानने पागोटे सारखे केले. वरून खाली काही टाकता येत नाही, फुलेसुद्धा नाहीत. बुवांनी पोथीचे पान जरा जोरानेच उलटले. माणसांच्या डोक्यावर कोलांट्या घेता येत नाहीत. प्रकृती डॉक्टरकडून तपासून घ्यावी लागते. आणि ठरावीक मुदतीत ठरावीक येणे-जाणे झाले नाही, तर परवाना आपोआप रद्द होतो. हे कलम मला सगळ्यांत आवडले होते. सरकारने ते इतर नात्यांनाही लावावे, असे माझ्या मनात आले. पण ते मी बोलले नाही.

मध्येच शिपाई आला. मी हात जोडून बसले, बुवा उंच स्वरात वाचू लागले. शिपाई गेला, मी पेट्रोलपासून पुढे चालू केले. पुन्हा शिपाई आला. असे इतक्यांदा झाले की ऐकणारांना दोहोंमधली शिवण दिसेनाशी झाली, आणि मी "पेट्रोल" म्हणताच मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी नमस्कार केला.

पण खरा घोटाळा निराळाच झाला. पुराणाला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. प्रत्येकीने येताना पदरात ओंजळभर ज्वारी, हुरडा, हरभऱ्याचे घाटे आणले होते, आणि मी मोबदला न घेण्याविषयी जो जो पोटतिडकीने बोलू लागले तो तो त्या भारावून पुढे येऊन माझ्यापुढे ओंजळ रिती करू लागल्या. माझ्या गुडघ्यापर्यंत ज्वारी आली. हवाबाजाच्या आईने, हवाई कलमांवर बोलताना, उघड्या रानात, साक्षीदारांसमक्ष धान्य स्वीकारले, हे हैदराबादेस कळले तर काय होईल, या विचाराने मला घाम फुटला. मी सगळे परत नेण्यास फर्माविले. तेव्हा कोणाची ज्वारी टपोरी आणि कोणाची बारीक, यावरून जाजमावर असा कलह माजला की विमान डोक्यावरून गेले असते तरी कोणी वर पाहिले नसते. अखेर पाखरांना टाकून तो वाद मिटविला.

मग शंकासमाधान. लोकांना भाड्याचे पटले, पण नारळही नको, हे पटेना. एवढ्या उंचीवर नेऊन आणणाराला नारळ नाही, टोपी-उपरणे नाही, म्हणजे बसणाराने खाली उतरून तोंड कोणत्या दिशेला करावे? मी म्हटले, जे असेल ते मनात ठेवावे. तेव्हा जाजमाच्या अगदी कडेवरून मनकर्णेचा आवाज आला.

मनकर्णा माझी चुलत जाऊ. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटी राहत असे. तिच्याविषयी थोडे सांगितल्यावाचून तिचा प्रश्न कळणार नाही. आहेराची रीत सर्वांना ठाऊक आहे: ज्याने आपल्या कार्यात दिला, त्याच्या घरच्या कार्यात तो परत करावयाचा. मनकर्णेच्या घरी कार्यच झाले नाही. मूल नाही म्हणून बारसे नाही, बारसे नाही म्हणून मुंज नाही, लग्न नाही. नवराही लवकर गेला. गावातल्या प्रत्येक मांडवात ती सगळ्यांच्या आधी येई, अंगावरच्या लुगड्यापेक्षा उंची आहेर करी, आणि जेवून घरी जाई. तिला परत करण्याची संधी कोणालाही मिळाली नाही. यात कोणाचा दोष नव्हता. रीतच तशी आहे. भुजंगाच्या बारशाला तिने चांदीचे गोकर्ण दिले होते, ज्याने तान्ह्या मुलाला दूध पाजतात. ते तिच्या आईने तिला दिलेले होते, तिच्या मुलासाठी.

ती म्हणाली, "अक्का, एक विचारू का? भाडं घ्यायचं न्हाई, नारळ घ्यायचा न्हाई, समजलं. पण आधीच घेऊन ठेवलेलं असंल, लय वर्षांमागं, तर त्या माणसाला बसवता येतं का?"

पाठमोऱ्या पुरुषांपैकी एकदोघे वळले. मी सगळी कलमे मनात चाळली. एकही लागू पडेना. या मुद्द्याचा खुलासा हैदराबादेहून मागवावा लागेल, असे मी सांगितले. मनकर्णा म्हणाली, "आमी आपलं विचारलं," आणि डोक्यावरचा पदर सारखा करून बसली.

विमान आले नाही. दूध उतू जाऊन भांड्याच्या बुडाला लागले, गोवऱ्यांची राख झाली, सात घोड्यांपैकी पाच मुलांच्या पायांखाली गेले. मी तिसऱ्यांदा पहिल्या कलमापासून सुरुवात केली, तेव्हा लोक उठू लागले. जाताना माणिकराव, आपलाच दुसरा दिवस विसरून, माझ्याजवळ थांबले, आकाशाकडे पाहिले आणि एकच शब्द म्हणाले: हवाबाज. या वेळी त्यांनी तो उर्दूत उच्चारला नाही, मराठीत उच्चारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा रानात गेले. कोणी गैरसमज करून घेऊ नये. मी वाट पाहण्यास गेले नव्हते. जाजम राहिले होते. छबूबाईला पाठविता आले असते, पण तिला मी काही बोलले असते आणि तिने माझी काही तरी समजूत घातली असती. जाताना गल्लीच्या टोकाशी मनकर्णा भेटली. एवढं मोठं जाजम एकटीनं कसं घडी कराल, असे म्हणून तीही निघाली. मी नको म्हटले नाही.

आम्ही जाजमाची दोन टोके धरून झटकीत असतानाच तो आवाज आला. प्रथम मला वाटले, गिरणी. मग दक्षिणेकडे एक ठिपका दिसला आणि चंद्रभान गोठ्यातून ओरडतच पळत सुटला, बैल हाकलीत. विमान रानावरून एकदा गेले, वळले, उतरले, ढेकळांवर उसळले आणि थांबले. रांगोळीतले उरलेले दोन घोडे त्याच्या वाऱ्याने उडून गेले. भुजंग खाली उडी मारून आला. वाळला होता. कपाळ यजमानांसारखे रुंद होऊ लागले होते. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला, मनकर्णेच्या लावला, आणि इकडे तिकडे पाहिले.

"आई, बाकीचे कुठंयत? कोणालाच सांगितलं न्हाईस?"

लोकांना कामे असतात, असे मी सांगितले.

चंद्रभानने पेट्रोलचे डबे आणले. भुजंग ते ओतीत असतानाच बोलत होता, त्यामुळे त्याचे तोंड मला पुन्हा अर्धेच दिसत होते. तो म्हणाला, धंद्याचा परवाना काढण्यासाठी तो पुढच्या आठवड्यात कराचीस जाणार आहे. मग तिकडेच नोकरी मिळेल, कदाचित आणखी पुढे कोठे तरी. हे पत्रात लिहिण्यासारखे नव्हते, म्हणून सांगायला आला. आणि दिवस मावळण्याच्या आत हैदराबादच्या बेगमपेठेस उतरले पाहिजे, विमानाला दिवे नाहीत, तेव्हा घरी येणे होणार नाही. चहासुद्धा नको. एकच फेरी होईल, आई, चल.

मी म्हटले की मला त्याच्याशी थोडे बोलावयाचे आहे, ते वर गेल्यावर बोलू.

"वर काही ऐकू येत न्हाई, आई," तो म्हणाला. "इंजिनाचा आवाज लय असतो. आणि तू पुढं बसशील, मी मागं. दिसणारही न्हाई मी तुला."

असे ते दोन माणसांचे विमान होते.

तरीही मी गेले असते. हे मी निःसंकोच सांगते. मुलगा पाठीमागे बसला आहे, एवढे माहीत असणे हेही पुष्कळ होते. मी पदर खोचला, लुगड्याचा काचा पाहिला, आणि जाजम सांभाळ म्हणून सांगण्यासाठी मनकर्णेकडे वळले. ती आमच्याकडे पाठ करून उभी होती. ते मोठे जाजम एकटीनेच घडी करू पाहत होती. एक टोक आणी, तोवर दुसरे सुटे. विमानाकडे तिने एकदाही मान वळविली नाही. पंगतीत वाढणारा आपल्यापर्यंत येणार नाही, हे ठाऊक असलेला माणूस जसा पानाकडे पाहत नाही, तशी.

मी म्हटले, "मनकर्णे, ते राहू दे. पदर खोच आणि इकडे ये."

ती आली. भुजंगाला मी सांगितले की काकू बसणार आहेत. तो माझ्याकडे पाहतच राहिला. मनकर्णा दोन पावले मागे सरली.

"अक्का, असं काय करायलात? तुमचा लेक हाय. मी काल आपलं बोलायचं म्हणून बोलले."

"तुझ्या शंकेचे उत्तर आले आहे," मी म्हटले. "आधी घेतलेले असले तर बसवावेच लागते."

भुजंगाने विचारले, हे कोणते कलम. मी त्याला सांगितले की ते त्याच्या परवान्याच्या आधीचे आहे.

मग त्याने तिला हात दिला, पुढच्या बैठकीत बसविले, पट्टा बांधला, डोक्यावर चामडी टोपी घालून हनुवटीखाली तिचे बंद आवळले. ती एखाद्या लहान मुलीसारखी हनुवटी वर करून निमूट बसली होती. तो मागे चढला. त्याने सांगितल्याप्रमाणे चंद्रभानने पंखा फिरविला. विमान ढेकळांवरून धावत गेले आणि उचलले.

मी रानात उभी होते. ज्या गोष्टी मी क्रमवार लावून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या जागच्या जागी होत्या. लग्नाचे, पुस्तकांचे, दिव्याचे. आता कोणाला सांगाव्यात असा प्रश्न नव्हता, म्हणून मी त्या मनातल्या मनात एकदा म्हणून टाकल्या, महत्त्वाचे आधी. तोपर्यंत विमान पोखर्णीच्या अंगाने वळून गावावर आले होते. गावातून कल्लोळ उठला आणि पोखर्णीच्या वाटेवर माणसे धावताना दिसू लागली. सर्वांच्या पुढे माणिकराव होते. या वयात ते असे धावू शकतात, हे मला माहीत नव्हते. ते धापा टाकीत पोहोचले, मला जमिनीवर पाहून थबकले, आणि मग वर कोण आहे, असे त्यांनी विचारले. मनकर्णा आहे, असे सांगितल्यावर त्यांना काही केल्या पटेना. तुमी का न्हाई बसलात, हेच त्यांनी तीनतीनदा विचारले. परवान्यात बसणाराचे नाव लिहिलेले नसते, एवढेच मी सांगितले. हवाबाज हा शब्द ते त्या दिवशी पुन्हा उच्चारू लागले; या वेळी उर्दूत.

विमान उतरले. भुजंगाने मनकर्णेला खाली घेतले. तिचे डोळे वाऱ्याने वाहत होते, निदान ती तसे म्हणाली. गर्दी जमण्याच्या आत निघाले पाहिजे म्हणून तो पुन्हा माझ्या पाया पडला. मी त्याला प्रकृती तपासून घेत जा, असे सांगितले. ते कलमातच होते. मुदतीत येणे-जाणे ठेवावे, हेही कलम मी त्याला सांगणार होते. पण तो चढून बसला होता आणि इंजिन सुरू झाले होते.

विमान दिसेनासे होताच लोकांनी मनकर्णेला गराडा घातला. काय दिसलं, भीती वाटली का, बांध कोणाकडं सरकलाय. गावात आजवर तिला कोणी इतके प्रश्न विचारले नव्हते. ती एकाचेही धड उत्तर देईना. गर्दीतून वाट काढीत ती माझ्यापाशी आली. तिचा हात कमरेला, चंचीकडे गेलेला मी पाहिला. कोणाच्याही घरून रिकामे जाणे तिला कधी जमलेच नव्हते.

मी तिचे मनगट धरले.

"ठेव ते आत," मी म्हटले. "आज कार्य तुझे होते. हा आमच्याकडचा आहेर."

तिने हात सोडवून घेतला नाही. मग तिने गोकर्णाचे नाव न काढता, देणेकऱ्याने देणे चुकते केल्यावर घेणेकरी म्हणतो तसे, स्वच्छ आवाजात, चारचौघांदेखत सांगितले:

"पावलं, अक्का. समदं पावलं."